शिट्टी हाती घेणारे मूल आणि काठावरचे आईवडील

'पंचांमुखी परमेश्वर' ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहे. गावच्या पारावर बसणाऱ्या पंचांनी पक्षपात न करता निवाडा द्यावा आणि दोन्ही बाजूंनी तो देवाचा कौल मानून स्वीकारावा, ही त्यामागची श्रद्धा. आज हाच 'पंच' शब्द खेळाच्या मैदानावर रुळला आहे. मात्र शालेय सामन्यांतील पंच कित्येकदा चौदा-पंधरा वर्षांचे मूल असते आणि त्याच्या मुखी परमेश्वर आहे, असे काठावर उभ्या असलेल्या कोणालाही वाटत नाही.

मुलाने गोल करावा, संघाचा कर्णधार व्हावे, चषक घेऊन घरी यावे, अशी स्वप्ने पालक पाहतात. मूल शिट्टी घेऊन मैदानात उतरते, तेव्हा मात्र ते गोंधळतात. खेळाडूच्या पाठीशी कसे उभे राहायचे हे त्यांना ठाऊक असते. पंचाच्या पाठीशी कसे राहायचे हे कोणी शिकवलेले नसते.

फुटबॉलच्या प्रारंभीच्या काळात प्रत्येक संघ स्वतःचा एक पंच आणत असे. त्या दोघांचे एकमत झाले नाही, की वाद मैदानाबाहेरच्या तिसऱ्या, तटस्थ व्यक्तीकडे सोपवला जाई. ज्याच्याकडे वाद सोपवायचा, तो 'रेफरी'. १८९१ मध्ये नियम बदलले. या तटस्थ माणसाला मैदानात आणून सर्वाधिकार दिले गेले आणि संघांचे पंच बाजूरेषेवर गेले. दोन्ही पक्षांचा नसलेला माणूस मध्यभागी असल्याशिवाय खेळ होऊ शकत नाही, हे त्या खेळाने अनुभवातून ओळखले. जैन कुटुंबात वाढलेल्या मुलाला ही भूमिका परकी वाटू नये. मध्यस्थ राहण्याचे संस्कार त्याच्या घरातच असतात. प्रश्न एवढाच, की मूल मैदानावर मध्यस्थ असताना घर मध्यस्थ राहते का.

गाव लहान, ओळख मोठी

राजापूर हे अर्जुना आणि कोदवली नद्यांच्या काठचे जुने व्यापारी गाव. सतराव्या शतकात इंग्रजांनी येथे वखार घातली होती. आजही येथील बाजारपेठेत व्यवहार चालतो तो ओळखीवर आणि शब्दावर. दुकानदाराला गिऱ्हाइकाचे घर ठाऊक असते, गिऱ्हाइकाला दुकानदाराची मुले ठाऊक असतात. मुंबई-पुण्याच्या मैदानावर पंच म्हणून उभा राहिलेला मुलगा सामन्यानंतर गर्दीत मिसळून जाऊ शकतो. राजापुरात त्याला ती सोय नाही. ज्याला त्याने लाल कार्ड दाखवले, तो मुलगा दुसऱ्या दिवशी शाळेत शेजारच्या बाकावर असतो आणि त्याचे वडील संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर.

"शेठ, तुमच्या पोरानं आमच्या पोराला मैदानाबाहेर काढलंन," एवढे वाक्य हसत हसत उच्चारले गेले, तरी त्यात तक्रारीची धार असते. अशा वेळी वडिलांच्या तोंडून सहज निघून जाते, "लहान आहे तो, समजावतो त्याला." गिऱ्हाईक दुखावले जात नाही, विषय मिटतो. परंतु ते वाक्य मुलाने ऐकले असेल, तर त्याला एक धडा मिळालेला असतो : नियम सर्वांना सारखे असतात, पण ओळखीच्या माणसांना थोडे कमी सारखे. पुढच्या सामन्यात शिट्टी ओठांशी नेताना तो समोरच्या खेळाडूचे आडनाव आठवेल. त्या क्षणी तो पंच उरलेला नसतो.

म्हणून पालकांचा पहिला आधार दुकानाच्या पायरीवर द्यायचा असतो. "मैदानावरचा निर्णय त्याचा आहे. काही चुकले असे वाटत असेल, तर क्रीडाशिक्षकांशी बोला, मी मध्ये पडणार नाही," असे नम्रपणे आणि चेहऱ्यावर कटुता न आणता सांगता येते. एखादे गिऱ्हाईक चार दिवस रुसेल. पण ज्या घरातले मूलही ओळखीला बधत नाही, त्या घराच्या तराजूवर गावाचा विश्वास वाढतो, हे बाजारपेठेला वेगळे सांगावे लागत नाही.

शिट्टी हाती येण्यापूर्वी

बहुतेक ठिकाणी आरंभ साधाच असतो. आंतरवर्गीय सामन्यांत क्रीडाशिक्षक वरच्या वर्गातील एखाद्या समंजस विद्यार्थ्याच्या हाती शिट्टी देतात. मुलाला गोडी लागली, तर पुढे तालुक्याच्या व जिल्ह्याच्या स्पर्धांत मदतनीस म्हणून आणि कालांतराने फुटबॉल संघटनेच्या परीक्षा देऊन अधिकृत पंच म्हणून वाट खुली होते. त्या परीक्षांत नियमांच्या ज्ञानाबरोबर धावण्याची क्षमताही तपासली जाते. पंच हा मैदानावर सतत धावणारा माणूस आहे, हे काठावरून पाहणाऱ्यांच्या फारसे लक्षात येत नाही.

फुटबॉलचे नियम एकूण १७ आहेत. पालकांनी ते मुलाबरोबर बसून एकदा वाचावेत. नियम ठाऊक नसलेला पालक नकळत गर्दीचाच भाग होतो. काही उदाहरणे पुरेशी आहेत. थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नर किक यांतून थेट आलेल्या चेंडूवर ऑफसाइड होत नाही. तरीही काठावरून 'ऑफसाइड'चा गलका होतोच. चेंडू हाताला लागला की प्रत्येक वेळी गुन्हा घडतो असेही नाही. हात कोठे होता, तो चेंडूकडे नेला होता का, हे पाहावे लागते. एखाद्या खेळाडूला धक्का बसूनही पंच शिट्टी वाजवत नाही, तेव्हा त्याने ते पाहिलेच नाही असा समज होतो. प्रत्यक्षात चेंडू त्याच खेळाडूच्या संघाकडे राहिला असेल, तर खेळ थांबवणे म्हणजे त्या संघाचेच नुकसान. म्हणून पंच मुद्दाम 'ॲडव्हांटेज' देतो. त्याचे मौन हाही एक निर्णय असतो.

तयारीचा दुसरा भाग घरगुती आहे. दोन शिट्ट्या, कारण एक ऐनवेळी दगा देते. घड्याळ, पिवळे व लाल कार्ड, नोंदवही, पेन्सिल, नाणे. कोकणच्या तांबड्या चिखलात टिकतील असे बूट आणि कोरड्या मोज्यांचा जादा जोड. शालेय स्पर्धा पुष्कळदा पावसाळ्यातच येतात आणि त्याच सुमारास पर्युषण व दशलक्षण पर्वही येते. उपवास असलेल्या मुलाने त्या दिवशी सामना घ्यावा की नाही, हे आयत्या वेळी ठरवू नये. स्पर्धेचे वेळापत्रक हाती येताच आयोजकांना कळवावे. रात्रिभोजन त्यागाचा नियम पाळणाऱ्या घरांत आणखी एक अडचण असते. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि शेवटचा सामना तोवर संपलेला नसतो. मध्यंतरात खाता येईल असा कोरडा खाऊ आणि गाळून उकळलेले पाणी डब्यात दिलेले असले, की मुलाला नियम आणि काम यांतले एक सोडावे लागत नाही. ही छोटी सोय लांबलचक उपदेशापेक्षा अधिक उपयोगी ठरते.

तिसरी गोष्ट आधीच ठरवून ठेवायची. भाऊ, बहीण किंवा जवळचा नातलग ज्या संघात खेळतो, त्या संघाचा सामना मुलाने स्वीकारू नये. आयोजकांना हे पालकांनी नव्हे, मुलानेच सांगावे. पालकांनी त्याला तसे सांगण्याचे बळ द्यावे. सामन्याचे मानधन मिळत असेल, तर ते ठरलेले तेवढेच घ्यावे. विजयी संघाने आनंदाने पुढे केलेले पाकीटही नाकारावे. अस्तेय आणि अपरिग्रह हे शब्द पाठशाळेत पाठ होतात. त्यांचा अर्थ अशा वेळी समजतो.

काठावरचे सामायिक

प्रौढांच्या फुटबॉल सामन्याचा एक भाग ४५ मिनिटांचा असतो. लहान वयोगटांत तो कमी ठेवता येतो. सामायिक ४८ मिनिटांचे. पंचाच्या आईवडिलांनी मैदानाच्या काठावरचा वेळ सामायिकासारखा घालवावा, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. काही झाले तरी समभाव ढळू द्यायचा नाही आणि वाणीवर संयम ठेवायचा.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात आचार्य उमास्वामी अर्थात उमास्वाती यांनी चार भावना सांगितल्या आहेत. सर्व जीवांविषयी मैत्री, गुणीजनांविषयी प्रमोद, दुःखितांविषयी कारुण्य आणि उद्धटपणे वागणाऱ्यांविषयी माध्यस्थ्य. मैदानावर या चारही भावनांना जागा आहे. दोन्ही संघांतील मुलांविषयी मैत्री. चांगला खेळ कोणाचाही असो, त्याचा आनंद. हरलेल्या, पडलेल्या खेळाडूविषयी कळवळा. आणि जो प्रेक्षक किंवा प्रशिक्षक आपल्या मुलाला अपशब्द बोलतो, त्याच्याविषयी माध्यस्थ्य. चौथी भावना सर्वांत कठीण. आपल्याला शिवी दिली तर माणूस गिळून टाकतो. मुलाला दिली की रक्त उसळते.

तरीही त्या क्षणी काठावरून दिलेले प्रत्युत्तर मुलाचे नुकसान करते. "पंचाचा बाप भांडतो आहे," ही बातमी मैदानभर होते आणि पुढच्या प्रत्येक निर्णयावर पक्षपाताचा संशय बसतो. निषेधाचे उत्तर देण्याचे साधन नियमांनी पंचाच्या खिशातच दिले आहे. निर्णयाविरुद्ध शब्दांनी वा हावभावांनी नाराजी दाखवणाऱ्या खेळाडूला पिवळे कार्ड दाखवता येते. ही कार्डे प्रथम १९७० च्या मेक्सिकोतील विश्वचषकात वापरली गेली. भाषा वेगळी असलेल्या खेळाडूंनाही निर्णय स्पष्ट कळावा, यासाठी इंग्लंडचे पंच केन ॲस्टन यांनी ती कल्पना मांडली होती. आवाज न चढवता निर्णय कळवण्याची ही रीत हित, मित आणि प्रिय बोलण्याची शिकवण मिळालेल्या मुलाला सहज पेलते.

खुणा करून मुलाला मार्गदर्शन करणे, मध्यंतरात जाऊन "ती पेनल्टी होती" असे सांगणे, हेही टाळावे. नियम पाच प्रमाणे खेळातील घटनांविषयी पंचाचा निर्णय अंतिम असतो, आणि खेळ पुन्हा सुरू झाला की सामान्यतः पंचालाही तो बदलता येत नाही. मध्यंतरात दिलेला सल्ला त्यामुळे निरुपयोगी असतो. उरतो तो मुलाच्या मनातला डळमळीतपणा. पाणी द्यावे, पाठीवर हात ठेवावा आणि परत काठावर यावे.

घाट चढून कोल्हापुरात गेले, की हा संयम किती आवश्यक आहे ते अधिक ठळकपणे दिसते. अणुस्कुऱ्याच्या वाटेने राजापूरचा कोल्हापूरशी जुना संबंध आहे आणि कोल्हापुरात फुटबॉल हा पेठांचा, तालमींचा खेळ आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब असे संघ उतरतात, तेव्हा प्रेक्षकांत पिढ्यान्‌पिढ्यांची निष्ठा बसलेली असते. याच मातीतून आलेला अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळला. इतके प्रेम जेथे आहे, तेथे पंचाचे काम अवघड असणारच. खेळावर प्रेम करणाऱ्या घरांनी शिट्टी घेणारी मुलेही घडवली पाहिजेत. नाहीतर गोल करणाऱ्यांचा सामना घेणार कोण?

घरी परततानाचा रस्ता

सामना संपल्यावर मुलाच्या मनात गोंगाट चालूच असतो. त्या वेळी पालकांनी निकालपत्र वाचू नये. "तो दुसरा गोल ऑफसाइड वाटला बुवा," हे वाक्य मायेने म्हटले तरी दिवसभरातला ते विसावे आक्षेप असते. काही मुले लगेच बोलतात, काही रात्री झोपताना बोलतात. विचारायचेच असेल तर असे विचारावे : आज कोणता निर्णय सर्वांत कठीण गेला? पुन्हा तसा प्रसंग आला तर कोठे उभा राहशील?

दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. पंचाच्या बहुतेक चुका दृष्टीच्या नसून जागेच्या असतात. अनेकांतवाद समजावताना हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट सांगितली जाते. मैदानावर ती रोज घडते. गोलरक्षकाला एक दिसते, उजव्या काठावरच्या प्रेक्षकाला दुसरे, पंचाला तिसरे. पंचाचे दर्शनही एका बाजूचेच असते. तरीही त्याला क्षणार्धात निर्णय द्यावा लागतो. आपल्याला पूर्ण सत्य दिसले नसेल हे जाणून, तरीही प्रामाणिकपणे निर्णय घेणे, ही समज ज्या मुलाला पंधराव्या वर्षी येते, त्याला पुढे घर, पेढी आणि समाज सांभाळताना तिचा उपयोग होतो.

चूक खरोखर झाली असेल तर? अमेरिकेतील बेसबॉलचा एक प्रसंग मुलांना जरूर सांगावा. २ जून २०१० रोजी डेट्रॉइट येथे आर्मांडो गलारागा या गोलंदाजाने प्रतिस्पर्ध्यांचे लागोपाठ २६ फलंदाज एकालाही तळावर पोहोचू न देता बाद केले होते. सत्ताविसावा बाद झाला असता, तर त्या खेळात अत्यंत दुर्मीळ असलेला निर्दोष सामना त्याच्या नावावर लागला असता. तो फलंदाज बाद असूनही पंच जिम जॉइस यांनी त्याला नाबाद दिले. सामन्यानंतर चित्रफीत पाहताच जॉइस यांना आपली चूक कळली. त्यांनी ती उघडपणे मान्य केली, गलारागाची क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी सामन्याच्या आरंभी गलारागा स्वतः संघाची यादी घेऊन जॉइस यांच्याकडे गेला आणि दोघांनी हस्तांदोलन केले. पंचांचे डोळे भरून आले होते. निर्णय बदलला नाही. पण त्या दोघांची नावे आज कटुतेने घेतली जात नाहीत.

संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणणाऱ्या किंवा क्षमावाणीला एकमेकांना भेटणाऱ्या घरांत हा प्रसंग लगेच उमगेल. आलोचना आणि प्रतिक्रमण यांत दोष पाहणे आहे, स्वतःला ठेचून काढणे नाही. मुलाने नोंदवहीत चूक लिहावी, नियम पुन्हा वाचावा, गरज असेल तर संबंधित खेळाडूला साध्या शब्दांत सांगावे आणि पुढच्या सामन्याला हलक्या मनाने जावे. पालकांनी ती चूक पाहुण्यांसमोर गमतीने सांगू नये.

मर्यादा ओलांडली जाते तेव्हा

माध्यस्थ्य म्हणजे अन्यायाकडे डोळेझाक नव्हे. ओरडा आणि धमकी यांत फरक आहे, आणि तो ओळखणे हे मोठ्यांचे काम आहे. २ डिसेंबर २०१२ रोजी नेदरलँड्समधील आल्मेरे येथे रिचर्ड न्यूवेनहाउझेन हे गृहस्थ मुलाच्या संघाच्या सामन्यात स्वेच्छेने लाइनमनचे काम करत होते. सामन्यानंतर प्रतिस्पर्धी संघातील काही किशोरवयीन खेळाडूंनी त्यांना मारहाण केली. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. त्या आठवडाअखेरीस देशातील हौशी फुटबॉलचे सामने बंद ठेवण्यात आले. पुढच्या वर्षी न्यायालयाने ज्यांना दोषी ठरवले, त्यांत सहा किशोरांबरोबर एका खेळाडूचे वडीलही होते. मैदानावर काय योग्य, हे मुले मोठ्यांकडे पाहूनच शिकतात, याचे याहून विदारक उदाहरण सापडणार नाही.

इंग्लंडमध्ये चौदाव्या वर्षापासून पंच होता येते. तेथील काही जिल्हा संघटनांनी अठरा वर्षांखालील पंचांच्या दंडावर जांभळी पट्टी बांधण्याची पद्धत सुरू केली आहे. शिट्टी वाजवणारे ते मूल आहे, हे काठावरच्या प्रत्येकाला दुरूनही दिसावे, एवढाच हेतू. पट्टीला चार पैशांचे कापड लागते. राजापूरच्या शाळेलाही ते परवडेल.

पालकांनी सामन्यापूर्वीच आयोजकांपैकी एका जबाबदार व्यक्तीचे नाव मुलाला सांगून ठेवावे. गरज पडल्यास सामना थांबवण्याचा, स्थगित करण्याचा किंवा रद्द करण्याचा अधिकार नियमांनी पंचाला दिला आहे. तो वापरल्याबद्दल घरी कोणी रागावणार नाही, हे त्याला ठाऊक असावे. धमकी दिली गेली, अंगावर हात टाकला गेला, जात-धर्म किंवा मुलीच्या शरीराविषयी अभद्र बोलले गेले, तर मौन सोडावे. मात्र भांडण मैदानावर करू नये. मुलाला तेथून सुरक्षित बाहेर आणावे, त्याच संध्याकाळी घडलेले शब्द, वेळ आणि साक्षीदार लिहून काढावेत, आणि शाळा वा आयोजकांकडे लेखी तक्रार द्यावी. प्रकार गंभीर असेल, तर पोलीस आहेत, आणि मुलांसाठीचा १०९८ हा मदत क्रमांक आहे. गावच्या व्हॉट्सॲप गटावर चित्रफीत टाकणे हा तक्रारीचा मार्ग नाही. त्याने वाद वाढतो आणि चेहरा मुलाचाच फिरत राहतो.

पुढची वाट

पंच होणे हा खेळाडू न होऊ शकलेल्यांचा विरंगुळा आहे, हा समज चुकीचा आहे. तामिळनाडूचे के. शंकर यांनी २००२ च्या विश्वचषकात सहायक पंच म्हणून काम केले. गोव्याच्या युवेना फर्नांडिस २०१६ मध्ये जॉर्डनला झालेल्या सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात सहायक पंच होत्या. १ डिसेंबर २०२२ रोजी फ्रान्सच्या स्टेफनी फ्रापार यांनी पुरुषांच्या विश्वचषकातील कोस्टारिका आणि जर्मनी यांचा सामना घेतला. तोवर कोणत्याही स्त्रीने तेथे मुख्य पंचाची शिट्टी वाजवली नव्हती. मुलीने शिट्टी मागितली तर "पोरांच्या खेळात तुझे काय काम," असे म्हणणाऱ्या घरांसाठी ही नावे पुरेशी आहेत.

तरीही प्रत्येक मुलाने ही वाट शेवटपर्यंत चालावी, असा आग्रह नको. दोन हंगामांनंतर मुलाने थांबायचे ठरवले, तर त्याचे कारण शांतपणे ऐकावे. अभ्यास, प्रकृती किंवा दुसरी आवड हे कारण असेल, तर निरोप आनंदाने द्यावा. कारण भीती असेल, तर ती मुलाची उणीव नाही. मैदानाभोवती उभ्या असलेल्या मोठ्यांची आहे, आणि तिच्यावर उपायही मोठ्यांनीच करायचा आहे.

पुढच्या सामन्याला जाताना प्रत्येक पालकाने एवढे करून पाहावे. मुलगा खेळत असो वा पंच असो, सामना संपल्यावर मैदानात जाऊन शिट्टी घेतलेल्या मुलाला नावाने हाक मारावी आणि "चांगले केलेस," असे म्हणावे. त्याने आपल्या संघाविरुद्ध पेनल्टी दिली असेल, त्या दिवशी तर अवश्य म्हणावे.